पाच हजार तासांचा लॅम्प चौदाशेत का गेला?

नमस्कार सर. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खानापूर तालुक्यातलं हायस्कूल, हॉलमध्ये छताला टांगलेला प्रोजेक्टर, खोक्यावर ५००० तास लिहिलेला ओरिजिनल लॅम्प १४०० तासांत गेला, मग स्वस्तातला घातला तर तो ९०० च्या आतच फट्ट. आता तिसरा माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून घ्यायचाय तर तो टिकवायचा कसा, असं विचारलंय. शिवाय एकानं स्टॅबिलायझर लावा म्हणून सांगितलंय आणि एकानं हाय अल्टिट्यूड मोड कायम ऑन ठेवा म्हणून. मी बेळगावात गेली अठरा वर्षं प्रोजेक्टर भाड्यानं देतोय आणि दुरुस्त पण करतोय, लग्नं, गणपती, शिवजयंती, शाळा, सेमिनार सगळं केलंय, आणि माझ्या स्वतःच्या हातानं मेलेले लॅम्प पण काही कमी नाहीत, तेव्हा थोडं लांबेल पण नीट सांगतो.

तुम्ही एक ओळ सहज लिहून गेलाय, मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटली. "तास संपला की आम्ही आठवणीनं प्रोजेक्टर बंद करतो, दिवसातून पाच-सहा वेळा." सर, तुमचा लॅम्प बहुतेक इथंच मरतोय. वाया जाऊ नये म्हणून बंद करताय आणि त्या बंद-चालूतच तो झिजतोय. घरातला बल्ब खोलीतनं बाहेर पडताना विझवायची आपल्याला सवय असते, ती चांगलीच आहे, पण या दिव्याला ती चालत नाही.

मॉडेल तुम्ही लिहिलं नाही, त्यामुळं काही गोष्टी तुमच्या मशीनला तंतोतंत लागू होतील, काही नाही होणार. मी धरून चालतोय की साधा लॅम्पवाला एलसीडी किंवा डीएलपी प्रोजेक्टर आहे, लॅम्प २०० वॅटच्या आसपास. लेसर किंवा एलईडीवाला असता तर हा प्रश्नच आला नसता.

आधी ते ५००० काय असतंय ते बघू. तो आकडा बहुतेक वेळा इको मोडचा, म्हणजे लॅम्प कमी वॅटवर चालवायच्या सेटिंगचा असतोय, आणि नॉर्मल मोडचा कमी आकडा कुठंतरी बारीक अक्षरात असतोय. दुसरं म्हणजे ५००० तास म्हणजे तोवर झकास उजेड असं नाही, तेवढ्या तासांत उजेड निम्म्यावर येतो असा त्याचा अर्थ. नवीन लॅम्पचा उजेड सुरवातीच्या काही शे तासांतच झपकन उतरतो, मग सावकाश उतरत जातो. आणि तिसरं, जे कुणी सांगत नाही, ते म्हणजे ही टेस्ट घेताना लॅम्प साधारण दोन तास चालू, पंधरा मिनिटं बंद अशा पद्धतीनं चालवतात. दोन तास सलग. तुमच्या हॉलमध्ये तो सलग किती चालतो? चाळीस मिनिटांचा तास, त्यात पोरं आत येऊन बसेपर्यंत पाच मिनिटं, म्हणजे पस्तीस.

आता हा हिशोब करून बघा. १४०० तास, पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या तुकड्यात, म्हणजे लॅम्प २४०० वेळा पेटला. आणि ५००० तास दोन-दोन तासांच्या बैठकीत चालवला असता तर २५०० वेळा. म्हणजे तुमच्या लॅम्पनं त्याच्या नशिबात होतं तेवढं पेटणं जवळजवळ पूर्ण केलं, फक्त मधे जळायला त्याला वेळ मिळाला नाही. हा काही शास्त्रातला पक्का नियम नव्हे, तासांनीही झीज होतेच, पण गेल्या दहा वर्षांत माझ्याकडं शाळांचे जे लॅम्प आले त्यातल्या बहुतेकांचा हिशोब असाच लागतोय. भजनी मंडळाचा प्रोजेक्टर जो रात्री नऊला लावतात आणि बाराला बंद करतात, त्याचे लॅम्प मी चार-चार हजार तास गेलेले बघितलेत, आणि त्यांनी कधी धूळ अडवणाऱ्या फिल्टरला हात सुद्धा लावलेला नसतोय.

पेटण्यानं एवढं काय होतंय? या लॅम्पमध्ये बल्बसारखी तार नसते. १९९५ च्या सुमारास फिलिप्सनं यूएचपी नावानं हा प्रकार आणला आणि पुढं सगळ्यांचे लॅम्प त्याच धर्तीचे झाले. क्वार्ट्झ काचेची छोटी गोटी, आत पारा, आणि टंगस्टनचे दोन कांडे समोरासमोर, मधलं अंतर साधारण एक मिलिमीटर, मोहरीचा दाणा मावेल न मावेल एवढंच. थंड असताना पारा काचेला चिकटून बसलेला असतोय. चालू करताना बॅलास्ट, म्हणजे लॅम्पला करंट देणारं सर्किट, काही हजार व्होल्टची ठिणगी टाकतं, कांड्यांमधे आर्क, म्हणजे विजेचा सलग झोत बसतो, पारा तापून वाफ होते आणि आतला दाब वाढत वाढत हवेच्या दाबाच्या दोनशे पटीच्या वर जातोय. मोटारसायकलच्या टायरात तीस पौंड हवा असते ना, त्याच्या शंभर पट, ते पण हजार डिग्रीच्या आसपास तापलेल्या काचेत. पेटताना पहिल्या मिनिटात कांड्यांवर जो मार बसतो त्यात टंगस्टनचे कण उडून काचेवर बसतात. लॅम्प नीट तापला की आत घातलेलं चिमूटभर ब्रोमीन ते टंगस्टन काचेवरून उचलून परत कांड्यावर नेऊन बसवतंय, म्हणजे लॅम्प स्वतःची डागडुजी स्वतःच करतोय. पण त्याला तापून स्थिर व्हायला आणि तसं राहायला वेळ पाहिजे. पस्तीस मिनिटांत तुम्ही डागडुजीला नुकतं बसलेल्या गवंड्याला उठवताय आणि परत भिंतीवर घण घालताय.

म्हणून माझा पहिला सल्ला मशीनला नाही, टाइमटेबलला आहे. मुख्याध्यापकांना सांगा की हॉलचे तास सलग लावा. सोमवारी दुसरा, तिसरा, चौथा तास हॉलमध्ये, मग वर्ग वेगवेगळे येऊ देत, विषय वेगळे असू देत, प्रोजेक्टर एकदाच पेटणार आणि जेवणाच्या सुट्टीला बंद होणार. मधल्या पाच-दहा मिनिटांत पोरं आत-बाहेर होताना रिमोटवरचं म्यूट किंवा ब्लँक दाबा, किंवा लेन्सवरचं झाकण सरकवा, पडदा काळा होईल पण लॅम्प चालू राहील. काही मॉडेलमध्ये असं अर्धा तास राहिलं की तो आपोआप बंद होतो, तेवढं सेटिंगमध्ये बघून घ्या. माझा साधा ठोकताळा असा, मधली गॅप अर्ध्या तासाच्या आत असेल तर बंद करू नका, तासाच्या वर असेल तर बिनधास्त बंद करा, मधल्या वेळेला तुमची मर्जी. आणि एकदा चालू केला की किमान पंधरा-वीस मिनिटं तरी चालू द्या. "चालतोय का बघूया" म्हणून पेटवून दोन मिनिटांत बंद करायची सवय कुणाला असेल, विशेषतः शिपाईमामा सकाळी चेक करत असतील, तर ती आधी बंद करा.

एका शाळेत (नाव नको) मी हे सांगितल्यावर तिथले सर म्हणाले, पण बिल वाढेल की ओ. दोनशे-तीनशे वॅटचं मशीन दिवसाला तासभर जास्त चाललं तर महिन्याला सहा-सात युनिट. लॅम्पची किंमत त्यांनाच माहीत होती, पुढं काही बोलले नाहीत.

दुसरा मारेकरी म्हणजे लाईट जाणं. आमच्याकडं पावसाळ्यात खानापूर-जांबोटी पट्ट्यात झाड पडलं, फांदी घासली की लाईट गेली, आली, गेली. प्रोजेक्टर चालू असताना करंट गेला की लॅम्प विझतो, पण पंखा पण थांबतो, आणि हजार डिग्रीला तापलेली काच बंद डब्यात हवा नसताना तशीच शिजत बसते. तेवढ्यात लाईट परत आली की गरम लॅम्प परत पेटवायचा प्रयत्न होतो. आतला दाब अजून उतरलेला नसतोय, आर्क बसत नाही, बॅलास्ट टिक टिक टिक करत ठिणग्या टाकत राहतो, प्रत्येक ठिणगी म्हणजे कांड्यावर एक घाव. यावर दोन उपाय. एक फुकटचा, मेनूमध्ये डायरेक्ट पॉवर ऑन नावाचं सेटिंग असेल तर ते ऑफ करा, म्हणजे लाईट आल्यावर मशीन आपणहून पेटणार नाही, तुम्ही दहा-पंधरा मिनिटं थांबून पेटवायचं. दुसरा पैशाचा, एक साधा कॉम्प्युटरचा यूपीएस. २०० वॅटचा लॅम्प म्हणजे पूर्ण मशीन तीनशेच्या आतबाहेर वॅट घेतं, ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, तेव्हा जेमतेम बसतंय, एक केव्हीएचा घेतला तर निवांत. त्याच्यावर तास पुरा करायचा मोह मात्र करायचा नाही. लाईट गेली, यूपीएस ओरडायला लागला, की रिमोटनं व्यवस्थित बंद करायचं, पंखा फिरून थांबू द्यायचा, बस्स. तेवढ्यासाठीच तो आहे.

स्टॅबिलायझरचं म्हणाल तर गरज नाही. आजकालचे प्रोजेक्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, गावात १७० व्होल्ट आले तरी लॅम्पला ते कळत पण नाही. त्या पैशात यूपीएस आणि चांगली अर्थिंग करून घ्या. आणि जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल ना स्टाफरूममध्ये, त्याच्यावर प्रोजेक्टर लावू नका.

बंद करतानाचं पण सांगतो. रिमोटवर पॉवर दोनदा दाबायचं आणि पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. नवीन काही मॉडेल थेट प्लग काढला तरी चालेल म्हणतात, चालत असतील, पण मी अजून काढत नाही. माझा धडा मी शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री शिकलोय. नवीन धंदा होता, पहाटे तीनला मंडळाचा शो संपला, टेम्पोवाला घाई करत होता, मी तापलेलाच प्रोजेक्टर वायर ओढून बॅगेत कोंबला आणि टेम्पोच्या फाळक्याला ठेवला. गल्लीतले खड्डे तुम्हाला माहीत आहेतच. दुसऱ्या दिवशी लावला तर लाल दिवा. लॅम्प काढून हलवला तर आत खुळखुळा वाजत होता. तीनशे तास पण झाले नव्हते, त्या शोचं भाडं त्या लॅम्पच्या निम्मं पण नव्हतं. तेव्हापासून पंखा थांबल्यावर चहा प्यायचा आणि मगच मशीन उचलायचं.

आता हवा. तुम्ही लिहिलंय की चोरीच्या भीतीनं प्रोजेक्टरला लोखंडी पिंजरा केलाय. तो पिंजरा जाळीचा आहे की पत्र्याचा, हे नक्की बघा. पत्र्याचा डबा करून त्याला ड्रिलनं चार भोकं पाडलेली मी इतक्या शाळांत बघितलीत की विचारू नका. आतली गरम हवा बाहेर जात नाही, तीच फिरून परत आत ओढली जाते. प्रोजेक्टरच्या भोवती एक-दीड फूट मोकळी जागा असेल, आणि गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला नुस्ती मोठ्या चौकोनाची वेल्ड मेश असेल, तर ठीक. शिवाय हॉलवर पत्रा असेल तर एप्रिलमध्ये छताजवळची हवा खालच्यापेक्षा किती तापते ते शिडीवर चढून एकदा बघा, बऱ्याच मॉडेलच्या पुस्तिकेत चालवायची मर्यादा ३५ डिग्री दिलेली असते आणि छताखाली ती दुपारी सहज ओलांडते. दांडा लांब करून मशीन दोन फूट खाली घेतलं तरी फरक पडतोय. आणि छताला उलटा टांगला असेल तर मेनूमध्ये सीलिंगचं सेटिंग नक्की करा, नुस्तं चित्र उलटवायला ते नसतं, काही मशीन त्यावरनं लॅम्पवर वारा कुठल्या बाजूनं मारायचा ते ठरवतात, कारण आर्कची गरमी कायम वरच्या बाजूला जाते.

फिल्टरबद्दल पुस्तिकेत काहीही लिहिलेलं असू दे, आमच्या भागात ते चालत नाही. इथं धूळ गावागणिक वेगळी. तुमच्याकडं तांबडी माती, बारीक, पावडरसारखी, फिल्टर विटेच्या रंगाचा होतो, पण ती कोरडी असल्यानं झटकली की निघते. निपाणी बाजूला तंबाखूच्या वखारी, तिथल्या एका क्लासवाल्याचा प्रोजेक्टर उघडला तर मी आणि माझा पोरगा दोघं अर्धा तास शिंकत होतो. संकेश्वर-चिकोडी पट्ट्यात ऊसाचा सीझन सुरू झाला की हवेतनं काळी राख उडत येते, हलकी असते, पण फिल्टरच्या छिद्रात बसली की बसली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गणपती. धूप, कापूर, उदबत्ती, त्याचा तेलकट थर धुळीला धरून ठेवतो आणि पाच दिवसांत फिल्टरची चटई होते. तुमचा प्रोजेक्टर मंडळाला दरवर्षी देत असाल (गावात नाही कसं म्हणणार, मला कळतंय) तर द्या, पण मूर्तीच्या थेट वर किंवा समोर लावू नका, आणि परत आल्या आल्या फिल्टर साफ करूनच शाळेत टांगा.

साफ करायचं कधी? शनिवारी सकाळची शाळा असते, पंधरवड्यातनं एका शनिवारी शिडी लावा. फिल्टर बाहेर काढून मऊ ब्रशनं आणि व्हॅक्यूम क्लीनरनं साफ करायचा. स्पंजचा असेल तर काही मॉडेलमध्ये धुता येतो, कागदासारखा घड्यांचा असेल तर पाणी लावू नका, तो गेला कामातनं. कंप्रेसरनं फिल्टर जागेवर असताना हवा मारायची नाही, सगळी धूळ आत जाऊन चित्र तयार करणाऱ्या पॅनेलवर बसते आणि मग पडद्यावर ढग दिसायला लागतात. पंख्यावर हवा मारायची असेल तर पातं बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं तो गरगर फिरला की बेअरिंग जातं. पंखा मंद झाला की लॅम्प तापला, आणि लॅम्प गेला की शिव्या लॅम्पच्या कंपनीला.

हाय अल्टिट्यूड मोडचं काय? हा मोड पंखा जोरात फिरवतो, कारण उंचावर हवा विरळ असते आणि गरमी नेत नाही. साधारण १५०० मीटरच्या वर तो लावायला सांगतात. बेळगाव अडीच हजार फूट, म्हणजे साडेसातशे मीटरच्या आसपास, आणि तुमचं गाव पण काही फार वेगळं नसणार. त्यामुळं गरज नाही. जास्त वारा म्हणजे चांगलंच की, असं वाटतंय, पण मघाशी सांगितलं ना, ब्रोमीनचं काम ठराविक गरमीलाच चालतं. लॅम्प अति थंड ठेवला तर टंगस्टन काचेवरच राहतं आणि काच काळी पडते. शिवाय पंखा जोरात म्हणजे धूळ पण जास्त आत. मे महिन्यात हॉल भट्टीसारखा तापलेला असेल आणि तापमानाचा दिवा लुकलुकत असेल तर त्या दिवसापुरता लावा, थंडीत बिलकुल नाही.

इको मोड मात्र लावाच. वॅट कमी, गरमी कमी, टंगस्टन उडणं कमी. पण शिक्षक तो का लावत नाहीत ते पण मला माहीत आहे, दिवसा हॉलमध्ये उजेड असतोय आणि पडद्यावर काही दिसत नाही. मग दिव्याचा जोर वाढवण्याऐवजी चित्र लहान करा. बारा फूट रुंद चित्र आठ फुटावर आणलं तर तोच उजेड निम्म्याहून कमी जागेत पडतो, म्हणजे चित्र सव्वादोन पट उजळ दिसतंय, एक पैसा खर्च न करता. पोरं साठ असतील तर आठ फूट पुरे होतं. पडद्याशेजारच्या दोन खिडक्यांना जाड काळं कापड लावा, मागच्या खिडक्या उघड्या राहिल्या तरी चालतंय. आणि कीस्टोन वापरून चित्र ओढून-ताणून चौकोनी करत असाल तर तिथं पण उजेड वाया जातो, प्रोजेक्टर सरळ टांगला तर ते वापरायची वेळच येत नाही.

इकोबद्दल एक बारीक गोष्ट. कधी कधी महिनोन्महिने इकोवर चालवल्यावर चित्र लुकलुकायला लागतं, उजेड कमी-जास्त होतो. लोक लगेच लॅम्प गेला म्हणून नवीन मागवतात. थांबा जरा. कांड्याचं टोक बिघडलं की आर्क एका जागी बसत नाही, इकडून तिकडं उड्या मारतो. नॉर्मल मोडवर सलग तीन-चार तास, दोन-तीन दिवस चालवून बघा, बऱ्याच वेळा टोक परत नीट होतं आणि लुकलुक थांबते. नवीन लॅम्प घातल्यावर पण मी पहिले चाळीस-पन्नास तास नॉर्मलवर, लांब बैठकीत चालवतो, मग इको. हे माझ्या सवयीचं आहे, सगळे तंत्रज्ञ मान्य करतील असं नाही.

आता तुमच्या दुसऱ्या लॅम्पची गोष्ट, जो ९०० पण झाला नाही. त्यात तीन शक्यता. एक, माल डुप्लिकेट. खोक्यावर मोठ्या कंपनीचं नाव आणि आत भलतंच, हे आमच्याकडं सर्रास चालतंय. चांगल्या लॅम्पची आतली गोटी फिलिप्स, ओसराम, उशिओ अशा मोजक्या कंपन्यांचीच असते, पण नाव छापणं सोपं आहे, म्हणून घेताना विक्रेत्याकडं पक्कं बिल आणि तीन ते सहा महिन्यांची लेखी वॉरंटी मागा, तो लगेच नाही म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालंच. दोन, पैसे वाचवायला हाउसिंग, म्हणजे लॅम्पचा प्लास्टिकचा सांगाडा, जुनंच ठेवून नुस्ता बल्ब बदलला. चांगल्या माणसानं केलं तर चालतंय, मी पण करतोय, पण त्यात बल्ब तिरका बसला किंवा काचेला बोट लागलं की संपलं. तीन, लॅम्प बदलल्यावर मेनूतला तासांचा आकडा रिसेट म्हणजे शून्य केला नाही, किंवा उलट, लॅम्प न बदलताच कुणीतरी तो रिसेट केला. मग ९०० हा आकडाच खोटा.

बोट लागण्याचं जरा विस्तारानं सांगतो. माझ्याकडं एक मेलेला लॅम्प ठेवलाय, गिऱ्हाइकाला दाखवायला. काचेवर दुधाळ पांढरा डाग आहे आणि त्या डागात अंगठ्याच्या रेषा दिसतात, कागदावर अंगठा उठवल्यासारख्या. हाताचा घाम आणि मीठ गरम क्वार्ट्झला लागलं की तिथली काच पारदर्शक राहत नाही, आतनं स्फटिक बनून कमजोर होते, आणि मग दोनशे पट दाब एक दिवस तिथनंच बाहेर येतो. म्हणून लॅम्प हाउसिंगच्या प्लास्टिकला धरूनच उचलायचा, आणि चुकून काचेला हात लागला तर स्पिरिटनं पुसून सुकवूनच लावायचा.

जुने दोन्ही लॅम्प फेकले नसतील तर दिवसाउजेडी बघा, लॅम्प स्वतःच सांगतो कशानं मेला. आतनं आरशासारखी काळी पडली असेल तर जास्त वेळा पेटवणं किंवा अति थंड ठेवणं. वरची बाजू पांढुरकी आणि जरा फुगलेली वाटत असेल तर गरमी, म्हणजे पिंजरा, फिल्टर, पंखा. काच स्वच्छ असेल आणि तरी पेटत नसेल तर तो लॅम्प मेलेलाच नसेल कदाचित, बॅलास्ट असेल. नवीन लॅम्प घालून पण टिक टिक करून लाल दिवा येत असेल तर तिसरा लॅम्प घेऊ नका, मशीन दाखवा. लॅम्पचं झाकण नीट बसलं नाही तरी आतलं छोटं स्विच दाबलं जात नाही आणि मशीन चालू होत नाही, त्यासाठी वीस किलोमीटर लांबनं माझ्याकडं आलेले लोक आहेत, एक स्क्रू आवळून परत पाठवलेत.

पावसाळ्यात तुमच्याकडं जून ते सप्टेंबर भिंती ओल्या असतात, त्या काळात प्रोजेक्टर वापरात नसला तरी आठवड्यातनं एकदा तासभर चालवा, लेन्सला बुरशी लागत नाही आणि बॅलास्टची ओल पण जाते. प्लास्टिकची पिशवी घालायची तर मशीन पूर्ण थंड झाल्यावरच.

शेवटचं, लॅम्प किती ताणायचा. लॅम्प बदला अशी वॉर्निंग पडद्यावर आली की शंभर-दोनशे तासांत बदला, रिसेट करून पुढं रेटू नका. म्हातारा लॅम्प कधीतरी फुटतो, आवाज लवंगी फटाक्यापेक्षा मोठा येतो, खाली बसलेली पोरं दचकतात आणि काचेचे तुकडे रंगाच्या चक्रात किंवा पॅनेलमध्ये गेले तर मशीनच भंगारात. फुटलाच तर वर्ग बाहेर काढा, खिडक्या उघडा, अर्धा तास आत जाऊ नका, कारण पाऱ्याची वाफ असते. व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात लावू नका, तो वाफ खोलीभर पसरवतो, हातमोजे घालून ओल्या कागदानं तुकडे गोळा करा. आणि मेलेल्या लॅम्पचा तो सुंदर गोल आरसा विज्ञानाच्या सरांना प्रयोगाला हवासा वाटतो, दोन शाळांत मी कपाटात ठेवलेला बघितलाय. आतली गोटी शाबूत असेल तर तिच्यात पारा आहे आणि ती कधीही फुटू शकते, म्हणून तो खोक्यात घालून ई-वेस्टवाल्याकडं किंवा लॅम्प घेतलेल्या दुकानात परत द्या. मॉडेल नंबर आणि पिंजऱ्याचा एक फोटो पाठवलात तर भोकं कुठं पाडायची ते सांगतो.